रेटिनॉलने चेहरा सोलला, आता डाग पडलेत. मदत हवी आहे

वय 44. सुरकुत्या म्हणाल तर डोळ्यांच्या कडेला, त्याही हसले तरच. खरा त्रास गालांवरच्या वांगांचा. आईलाही होते, तिशीतच आले; सुरकुत्या मात्र पन्नाशीनंतर. आपल्याकडे वय आधी डागांतूनच दिसतं, हे घरातच बघत होते. तरी परदेशी व्हिडिओ बघून सुरकुत्यांवरचं 1 टक्का रेटिनॉल आणलं आणि रोज रात्री फासलं. आठव्या दिवशी ओठांच्या कडा आणि नाकाच्या बाजू सोलल्या. साधं पाणी लागलं तरी चरचरायचं. बंद करून तीन आठवडे झाले, पण सोललं होतं तिथे तपकिरी छटा राहिलीय.

सनस्क्रीन एसपीएफ 50 आहे, पण लावलं की पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसते. म्हणून वाटाण्याएवढंच लावते. ऑफिसात खिडकीशी बसते, ऊन डाव्या गालावर. डावीकडचे वांग जास्त गडद आहेत, हा योगायोग का? आणि रेटिनॉल कायमचं सोडू? जाऊबाईंनी त्यांची एक ट्यूब दिलीय, ती लावू का?

प्रतिसाद 1
योगायोग नाही गं. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी काच यूव्हीबी अडवते, यूव्हीए बरंचसं आत येतं. एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीचा, यूव्हीएसाठी ट्यूबवर छापलेल्या ‘पीए’पुढची अधिकची (+) चिन्हं मोज. वांग तर डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतात, म्हणून आयर्न ऑक्साइडवालं टिंटेड, म्हणजे त्वचेच्या रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन घे. पांढरं दिसण्याची कटकटही मिटेल. दोन बोटांवर पूर्ण लांबीची रेघ, एवढं लागतं. वाटाण्याएवढं लावायचं ते रेटिनॉल! तू नेमकं उलटं केलंस.

प्रतिसाद 2
कायमचं सोडू नका, पण आत्ता अजिबात नको. आपल्या त्वचेला दाह झाला की ती जास्त मेलॅनिन (त्वचेचं रंगद्रव्य) तयार करते, मग लाली गेली तरी डाग मागे राहतो. तो फिका व्हायला काही महिने जातात. नंतर 0.2 किंवा 0.3 टक्क्यांचं, आठवड्यातून दोनच रात्री, आधी मॉइश्चरायझर लावून. (गरोदरपणात किंवा तशी तयारी असेल तर नाहीच.)

प्रतिसाद 3
ट्यूबवर काय छापलंय ते आधी वाचा.

धागाकर्ती
आत्ता चष्मा लावून वाचलं. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन.

प्रतिसाद 3
वाटलंच. हायड्रोक्विनोन डाग फिके करणारं, मोमेटासोन म्हणजे स्टेरॉइड, आणि ट्रेटिनॉइन हा रेटिनॉलचाच थोरला भाऊ, कितीतरी तिखट. डॉक्टर हे मिश्रण वांगांवर देतात, पण काही आठवडेच आणि लक्ष ठेवून. मनाने महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ होते, बारीक लाल नसा दिसायला लागतात, लव वाढते. सुरुवातीला चेहरा उजळतो, तिथेच माणूस फसतो.

धागाकर्ती
जाऊबाई दोन वर्षं लावतायत. उन्हात गेल्या की गाल लालभडक होतात, त्या म्हणतात तेज आलंय. आजच बंद करायला सांगू?

प्रतिसाद 3
एकदम तोडलं तर चेहरा भडकू शकतो. त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन जा. ट्यूब बरोबर न्या, आणि तुमचे डागही त्याच फेरीत दाखवून घ्या.