पांढऱ्या बसला लाल दिवे कशाला? (चर्चा धागा)

प्लेनोची_डेकेअरवाली:
परवा इथे एका पालकाने लिहिले होते की, ज्या डेकेअरच्या बसला लाल दिवे आणि स्टॉप आर्म (बसच्या बाजूने बाहेर येणारा ‘थांबा’ पाटीचा हात) नाही तिथे मुलांना पाठवू नये, कारण पांढरी बस ही नियमातली चोरवाट आहे आणि असे मालक चार पैसे वाचवण्यासाठी मुलांचा जीव टांगणीला लावतात. इथे टेक्ससमध्ये अकरा वर्षे डेकेअर चालवून हे ऐकून घ्यावे लागत असेल, तर सविस्तर उत्तर देणे भाग आहे.

लाल दिवे बसमधल्या मुलाचे रक्षण करत नाहीत. ते रस्त्यावरची वाहतूक थांबवतात, म्हणजे त्यांची गरज मूल रस्ता ओलांडणार असेल तिथे असते. आमची मुले शाळेच्या आवारात चढतात आणि आमच्या दारात उतरतात. नेमक्या याच कारणाने २००३ साली अमेरिकेच्या केंद्रीय वाहतूक सुरक्षा खात्याने बहुउपयोगी शालेय बस, म्हणजेच आपली एमएफसॅब, असा वेगळा वर्ग केला. घर किंवा बसथांबा यांच्याशी संबंध नसलेल्या फेऱ्यांसाठी तो आहे. छताची मजबुती, सांध्यांची ताकद आणि आसनांची रचना हे सारे शालेय बसचेच नियम तिला लागू आहेत. सूट आहे ती फक्त दिव्यांची आणि स्टॉप आर्मची. चोरवाट म्हणून ज्याची हेटाळणी झाली, तो प्रत्यक्षात विचारपूर्वक केलेला नियम आहे.

आता खर्चाचे सांगते. पहिली बस मी एका शाळेच्या लिलावातून पिवळीच घेतली. ती आमच्या कामासाठी वापरायची म्हणून दिवे काढणे, स्टॉप आर्म काढणे, भोके बुजवणे आणि पांढरा रंग देणे या साऱ्यासाठी मी २,६०० डॉलर मोजले. दिवे लावण्याचा खर्च सगळ्यांना दिसतो, काढण्याचा कोणाला दिसत नाही.

सविस्तर_बोलू:
ताई, नियम तुम्ही बरोबर सांगितला, पण अर्धाच. घर किंवा बसथांबा नाही, या अटीवर सारी सूट उभी आहे. ती अट पाळली जाते की नाही, हे रोज दुपारी तीन वाजता कोण पाहते?

माझा मुलगा पहिलीत असताना त्याच्या डेकेअरचे पार्किंग एकदा दुरुस्तीसाठी बंद होते. चालकाने पांढरी बस समोरच्या रस्त्यावर उभी केली आणि बारा मुलांना रांगेत पलीकडे नेले. मागून येणाऱ्या गाड्या थांबल्या नाहीत, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा? पांढऱ्या बसला लाल दिवेच नाहीत, त्यामुळे कायद्याने त्यांना थांबण्याचे बंधनच नव्हते. मी हे गाडीतून पाहिले. मला आजही तो पाऊण मिनिट आठवतो.

प्लेनोची_डेकेअरवाली:
तो चालक नियम मोडत होता. एकाने सिग्नल तोडला म्हणून सगळ्यांनी गाड्या विकायच्या का? आणि दिव्यांवर एवढा विश्वास असेल तर इंडियानातले रोचेस्टर आठवा. ३० ऑक्टोबर २०१८ रोजी, उजाडायच्या आधी, बसचे लाल दिवे चालू होते, स्टॉप आर्म बाहेर होता, आणि तरीही रस्ता ओलांडणारी तीन भावंडे गेली. समोरून येणाऱ्या बाईंना ती शालेय बस आहे हेच उमगले नाही.

सविस्तर_बोलू:
त्या मुलांचा दाखला दिवे *नसावेत* यासाठी दिला जाईल, असे वाटले नव्हते. मला त्याची चीड आली आहे, म्हणून आता थोडा वेळ गप्प बसतो.

प्लेनोची_डेकेअरवाली:
दिवे नसावेत असे मी कुठेही म्हटलेले नाही. पुन्हा वाचा.

पाचशेचा_फटका:
दिव्यांचा विषय निघालाच आहे, तर माझे ऐका. मला टेक्ससमध्ये लाल दिवे लावून थांबलेली शालेय बस ओलांडून गेल्याबद्दल दंड झाला आहे. किमान ५०० डॉलर, कमाल १,२५०. बस समोरून येऊन पलीकडच्या बाजूला थांबली होती, आमच्यामध्ये पाच पदरी रस्ता होता आणि मधली मार्गिका वळणाऱ्यांची होती. मी समजलो की हा विभागलेला रस्ता आहे, म्हणजे पलीकडच्या बससाठी मला थांबायला नको. न्यायाधीशांनी सांगितले की मध्ये भौतिक दुभाजक हवा, नुसती रंगवलेली वळणाची मार्गिका चालत नाही. इथे किती जणांना हे ठाऊक होते, प्रामाणिकपणे सांगा.

मेकॅनिकचा_मुलगा:
मला ठाऊक होते, कारण परवान्याच्या पुस्तिकेत ते लिहिले आहे.

पाचशेचा_फटका:
आपण थोर आहात. पण मग डॅलसमधल्या बस-कॅमेऱ्यांचे पुस्तिकेत काय लिहिले आहे? डॅलस काउंटी स्कूल्स या शालेय बस चालवणाऱ्या सरकारी संस्थेने स्टॉप आर्मवर कॅमेरे बसवून दंड गोळा करण्याचा धंदाच उघडला. कॅमेरे पुरवणाऱ्या कंपनीकडून तिच्या अधीक्षकाने तीस लाख डॉलरहून अधिक लाच खाल्ली. नोव्हेंबर २०१७ मध्ये मतदारांनी ती संस्थाच बरखास्त केली आणि अधीक्षक पुढे सात वर्षांसाठी तुरुंगात गेला. मुलांच्या सुरक्षेच्या नावाने कोणाचे खिसे भरतात, ते आधी पाहा.

सविस्तर_बोलू:
गप्प बसणे जमले नाही. लाच अधीक्षकाने खाल्ली, दिव्यांनी नाही. २०१९ मध्ये ३९ राज्यांतल्या १,३०,९६३ बसचालकांनी एका दिवसाची नोंद ठेवली, तेव्हा ९५,३१९ वेळा थांबलेली बस बेकायदा ओलांडली गेली होती. त्या दिवशी एकही कॅमेरा नसता, तरी आकडा तोच राहिला असता.

पाचशेचा_फटका:
त्या ९५,३१९ मध्ये माझ्यासारखे पाच पदरी रस्त्यावर गोंधळलेले किती होते, हे कोणी मोजले का?

मेकॅनिकचा_मुलगा:
बसखाली येणाऱ्या मुलाला तुमच्या गोंधळाने फरक पडत नाही.

कोथरूडचे_आजोबा:
मी नातवाकडे सहा महिने राहून आलो. एका पिवळ्या बसने हात बाहेर काढला की दोन्ही दिशांची वाहतूक थिजते, हे पाहून मला भरून आले होते. आमच्याकडे २०११ पासून शालेय बसची वेगळी नियमावली आहे, तरी पुण्यात बस थांबली की मागचे भोंगे आधी वाजतात. तेव्हा पाचशे डॉलरची तक्रार करणाऱ्यांनी एकदा कर्वे रस्त्यावर मूल उतरवून पाहावे.

पाचशेचा_फटका:
आजोबा, आदर आहेच, पण कर्वे रस्त्याच्या पापाचा दंड मी का भरावा?

मेकॅनिकचा_मुलगा:
मूळ मुद्द्यावर येतो. मी शालेय बसच्या दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये काम केले आहे. आठ दिव्यांच्या संचात चालकाने आधी केशरी दिवे लावले असतील, तर दार उघडताच ते विझून लाल दिवे आपोआप लागतात. दिवे, आर्म, नियंत्रक पेटी आणि मजुरी मिळून खर्च काही हजारांच्या घरात जातो. बसच्या किमतीपुढे तो फार नाही. लहान मालकांना खरी भीती वाटते ती दिव्यांपाठोपाठ येणाऱ्या गोष्टींची. मुले रस्त्यावर उतरवायला लागलात की चालकाचे प्रशिक्षण, तपासणी आणि विमा या साऱ्यांची पायरी चढते. म्हणूनच चौदा मुलांच्या बसला एवढी मागणी आहे. चालक धरून सोळा आसने झाली की व्यावसायिक परवाना लागतो, पंधरावर लागत नाही.

पण ताई, एक गोष्ट तुम्ही सांगितली नाहीत. ज्यांना पांढरी बसही परवडत नाही, ते जुनी पंधरा आसनी व्हॅन घेतात. विक्रेत्याला नवी व्हॅन शाळेच्या वाहतुकीसाठी विकण्याची मनाई आहे, जुनीबाबत ते बंधन नाही. दहा किंवा त्याहून जास्त माणसे असली की ती व्हॅन उलटण्याचा दर सुमारे तिप्पट होतो, असा इशारा केंद्रीय खात्याने २००१ मध्येच दिला होता. पालकांनी घाबरायचे असेल तर दिवे नसलेल्या बसला नव्हे, या व्हॅनला घाबरावे.

प्लेनोची_डेकेअरवाली:
हे मान्य आहे, आणि लपवायचे काहीच नाही. माझी सुरुवात अशाच व्हॅनने झाली होती. पहिली दोन वर्षे. मागची रांग मी कधी भरू दिली नाही, पण पालकांना कारणही कधी सांगितले नाही.

सविस्तर_बोलू:
प्रामाणिकपणाबद्दल आभार, जरी तो नऊ वर्षे उशिरा आला असला तरी. मीही एक पाऊल मागे घेतो: तुमच्या आवारातून आवारात होणाऱ्या फेरीला लाल दिव्यांची गरज नाही. पण पार्किंग बंद असेल त्या दिवशी तुम्ही काय करता, ते पालकांच्या करारात लिहून द्या. एवढीच मागणी आहे.

प्लेनोची_डेकेअरवाली:
त्या दिवशी आम्ही मुलांना शाळेतच थांबवतो आणि पालकांना फोन करतो. मागच्या वेळी सर्वात मोठा आरडाओरडा कोणी केला असेल? दिव्यांबद्दल इथे लिहिणाऱ्या त्याच पालकाने, कारण त्यांना ऑफिस सोडून यावे लागले. तरीही करारात ते कलम सोमवारी घालते.

पाचशेचा_फटका:
आणि पाच पदरी रस्त्याचे काय?

मेकॅनिकचा_मुलगा:
थांबायचे.