पन्नाशीत गालांना फिलर: नुसती हौस की गरज?

चाफेकळी:
माझ्या जावेने नाकापासून ओठांच्या कडेपर्यंत उतरणाऱ्या घड्यांसाठी हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर, म्हणजे सुईने कातडीखाली भरायचं जेल, घ्यायचं ठरवलंय, अंधेरीच्या एका क्लिनिकमध्ये. घरात दोन तट पडलेत. सासूबाई म्हणतात, सुरकुत्या म्हणजे काय आजार आहे? मला जावेची बाजू पटते. केस रंगवणं, दात बसवणं आपण कधीच मान्य केलं, मग गालांनीच काय घोडं मारलंय? शिवाय हा पदार्थ आपल्या कातडीत आणि सांध्यांत असतोच. साधारण सहा महिने ते दीड वर्षात तो विरतो.

परळकर:
साफ असहमत. 'शरीरात असतोच' हे अर्धंच खरं. आपल्या कातडीतला हा पदार्थ दिवस-दोन दिवसांत मोडतो. फिलर टिकावं म्हणून बीडीडीई नावाच्या रसायनाने त्याच्या साखळ्या एकमेकींत गुंतवतात. आणि विरला की पुन्हा सुई, पुन्हा खर्च. चेहऱ्यावर वय दिसणं ही लाजेची गोष्ट आहे, हे बायकांच्या मनात भरवलं जातंय. त्याची मला खरोखर चीड येते.

सुईदोरा:
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, मध्य मुंबईत काम करते. परळकर, तुमची चीड समजते, पण फिलर म्हणजे फक्त तरुण दिसण्याची धडपड नव्हे. एचआयव्हीवरच्या स्टॅव्ह्युडीन या जुन्या औषधाने अनेकांच्या गालांतली चरबी झडली. औषध बंद झालं तरी ती सहसा पूर्ण भरून येत नाही. चेहऱ्यावरून आजार ओळखला जाईल या धास्तीने माणसं लग्नकार्याला जाणं टाळतात. त्यांचे गाल भरणं याला मी चैन म्हणू शकत नाही.
चाफेकळीताई, जावेला एवढं नक्की सांगा. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर तिथली कातडी मरू शकते. नाक आणि दोन भुवयांमधली जागा सर्वांत धोक्याची, तिथून डोळ्याचा रक्तपुरवठा तुटून कायमचं अंधत्व आल्याची उदाहरणं आहेत. क्वचित घडतं, पण घडतं. हायल्युरॉनिडेज हे विकर (एन्झाइम) हे फिलर विरघळवतं, म्हणून ते क्लिनिकमध्ये हाताशी हवंच. कातडी पांढरी पडली, जाळीदार डाग उठले, जास्त दुखायला लागलं किंवा अंधुक दिसलं, तर सकाळची वाट पाहायची नाही.

परळकर:
एचआयव्हीच्या रुग्णांबद्दलचं मान्य, तिथे माझा विरोध नाही. पण गल्लोगल्ली पार्लरमध्ये विनासुईच्या, दाबाने फिलर आत ढकलणाऱ्या 'हायल्युरॉन पेन'ने ओठ फुगवून देतात, त्याचं काय? अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2021 मध्येच त्याविरुद्ध इशारा दिला होता. लग्नसराईत सवलतीच्या जाहिराती पाहून धावणाऱ्या मुलींना हायल्युरॉनिडेज कोण समजावणार?

सुईदोरा:
त्या पेनबाबत मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. पार्लरमध्ये फिलर घेऊच नये.

चाफेकळी:
सुईदोराताई, आभार. डॉक्टर एमडी स्किन किंवा प्लास्टिक सर्जन आहेत का, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय, सिरिंजचं सीलबंद खोकं समोर उघडणार का, एवढं आम्ही विचारणार आहोत. घरच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यातली जावेची वेळ मात्र रद्द करायला सांगितली. सूज आणि काळेनिळे डाग उतरायला एक-दोन आठवडे जातात, हे तिला क्लिनिकने सांगितलंच नव्हतं. परळकर, सासूबाई तुमचा पहिला प्रतिसाद वाचून खूश आहेत.