पंचांचं मानधन शेवटच्या दिवशीच का?

प्रश्न (परभणी): खुल्या कबड्डी स्पर्धांत पंचांचं मानधन अंतिम सामन्यानंतर, तेही घासाघीस करून मिळतं. बहिष्कार टाकावा का?

बीड: दादा, आधी कागद करा. व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लिहून घ्या: दर सामन्याचा की दिवसाचा, प्रवासभाडं, मुक्काम, पैसे कधी. भांडण ‘दिवस’ या शब्दावरच होतं. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटं. आठ सामने लावले की सहा तास झाले, तेही मराठवाड्याच्या उन्हात. म्हणून दर सामन्यामागेच ठरवा. एक सरपंच (म्हणजे मैदानावरचा मुख्य पंच), दोन पंच, एक गुणलेखक, दोन सहायक गुणलेखक असे सहा जण लागतात. चौघांवर भागवलं की गुण लिहिणाऱ्याची नजर जादा गुणाच्या बोनस रेषेवरून हटते आणि शिव्या मात्र पंचाला.

लातूर: सहीच्या प्रत्येक गुणपत्रिकेचा फोटो ठेवा, तोच पुरावा. पैसे थकले तर स्पीड पोस्टाने, नोंदणीसह, नोटीस. दिवाणी दावा तीन वर्षांच्या आत. स्पर्धेपुरत्या मानधनावर कायद्याने ‘कामगार’ ठरणं अवघड, त्या वाटेवर वेळ घालवू नका.

नांदेड: बहिष्काराआधी शेजारच्या तालुक्यातल्या पंचांशी बोला, नाहीतर कमी दरात तेच उभे राहतील. अमेरिकेच्या एनएफएलने (तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या लीगने) 2012 मध्ये पेन्शनच्या वादात पंचांना बाहेर ठेवून बदली पंच उतरवले. 24 सप्टेंबरला सिअ‍ॅटल–ग्रीन बे सामन्यात शेवटच्या चालीवर दोन बदली पंचांनी दोन वेगळे इशारे केले. दोन दिवसांत लीग आणि मूळ पंचांत तडजोड झाली.