फोर टेटच्या ट्रॅकमधल्या लताबाई : घरचा कान की क्लबचा?

कानोसा (धागाकर्ता)

फोर टेट म्हणजे लंडनचा इलेक्ट्रॉनिक संगीतकार किअरन हेब्डन. २०१५ साली त्याने 'मॉर्निंग/इव्हनिंग' हा अल्बम काढला. त्यात दोनच ट्रॅक आहेत, प्रत्येकी वीसेक मिनिटांचे. पहिल्यात ड्रम मशीनचा ठेका निवांत चाललेला असतो आणि त्यावर लताबाईंचा आवाज उतरतो. गाणं १९८३ च्या 'सौतन'मधलं, संगीत उषा खन्नांचं. सिनेमात ऐकलं तेव्हा मी लक्षही दिलं नव्हतं. इथे मात्र हातातलं काम राहिलं.

हेब्डनची आई दक्षिण आफ्रिकेत जन्मलेली भारतीय, वडील इंग्रज आणि रेकॉर्डींचे शौकीन. आईचे वडील गेल्यावर त्यांच्या हिंदी रेकॉर्डी नातवाकडे आल्या. या अल्बमचं मूळ तिथे आहे.

डान्स म्युझिकच्या गप्पा नेहमी यंत्रांवर जातात. सिंथ कुठला, सॉफ्टवेअर कुठलं, प्लगइन कुठलं. माझं म्हणणं असं की निर्मात्याचा, म्हणजे असे ट्रॅक बनवणाऱ्याचा, आवाज त्याने पहिलं यंत्र घ्यायच्या आधीच बराचसा ठरलेला असतो. डेट्रॉइट टेक्नोचे, म्हणजे अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या यंत्रांवरच्या नाचसंगीताचे, तिघे घ्या. हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन एकाच गावातल्या, बेलव्हिलच्या शाळेत होते. यंत्रं साधारण तीच, रेडिओवरचा निवेदक 'इलेक्ट्रिफाइंग मोजो'ही तोच. पण सॉन्डरसन मूळचा ब्रुकलिनचा, न्यूयॉर्कला जाऊन पॅरडाइज गराज या क्लबात नाचून आलेला. १९८८ च्या त्याच्या 'बिग फन' या गाण्यात बाईचा मोकळा गळा आहे, डिस्कोची ऊब आहे. अ‍ॅटकिन्सचं १९८३ चं 'क्लिअर' त्याच्याशेजारी लावून बघा. थंडगार.

हेडफोनवाला

कानोसाराव, लेख छान, निष्कर्ष अजिबात मान्य नाही.

साधं वय मोजा. हेब्डनचा जन्म १९७७ चा. लताबाई त्याच्या ट्रॅकमध्ये आल्या तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. त्याआधी शाळेतल्या मित्रांबरोबर 'फ्रिज' हा बँड झाला, त्यात गिटार-ड्रम. मग २००३ चा 'राउंड्स', ज्याला लोक फोकट्रॉनिका (लोकसंगीत अधिक इलेक्ट्रॉनिक) म्हणायचे. या सगळ्यात आजोबा कुठे होते? रेकॉर्डी हातात पडल्या त्या मोठेपणी. याला बालपणाचा प्रभाव कसं म्हणणार?

नाचायला लावणारा फोर टेट घडला तो प्लास्टिक पीपल या क्लबात. लंडनच्या शोरडिचमधलं छोटंसं, जवळजवळ पूर्ण अंधारं तळघर, पण साउंड सिस्टिम अशी की लोक तेवढ्यासाठी यायचे. तिथे त्याच्या नियमित रात्री असायच्या. अर्धेकच्चे ट्रॅक न्यायचे, वाजवायचे, लोकांचे पाय कुठे थबकतात ते बघायचं आणि घरी येऊन दुरुस्त करायचं. २०१० चा 'देअर इज लव्ह इन यू' असा तयार झाला. तो ऐकून त्याचं घर कळत नाही, ती खोली कळते.

आणि आपल्याकडचंच उदाहरण हवं तर कुमारजी. जन्म बेळगावजवळ सुळेभावीचा, तालीम मुंबईत देवधर मास्तरांकडे. माळव्याची लोकधून कानात शिरली ती देवासला, क्षयाने अंथरुणाला खिळलेले असताना. तोवर ते पंचविशीला आले होते. घरच्या संस्कारात माळवा कुठून आणणार?

खारीबिस्कीट

चहा ठेवलाय. चालू द्या.

कानोसा

हेडफोनवाले, कुमारजींचं उदाहरण देऊन तुम्ही माझंच काम केलंत. सात-आठ वर्षांचा तो मुलगा मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून हुबेहूब गात होता. ऐकलेलं गळ्यात उतरवून घेण्याची सवय तिथली. देवासला ती धून ऐकणारे हजारो होते, तिची बंदिश एकट्या कुमारजींच्या हातून झाली.

हेब्डनचंही तेच म्हणतोय मी. लहानपणी नेमकं काय ऐकलं याला माझ्या लेखी फार किंमत नाही. काय परकं वाटेनासं झालं, याला आहे. लंडनच्या दुसऱ्या एखाद्या निर्मात्याला लताबाईंचा आवाज 'एक्झॉटिक' म्हणून सापडला असता, तर त्याने दोन सेकंदांचा तुकडा कापून तडका मारला असता. हा माणूस त्यांना गाऊ देतो. मिनिटामागून मिनिटं.

सदाशिव_नवीपेठ

दोघांचंही चुकतंय, म्हणून लिहितो.

लंडनच्या पटनीतल्या एलियट स्कूलचं नाव कुणीच घेतलेलं नाही. सरकारी, सगळ्यांना खुली शाळा. हेब्डन तिथला, बरियल हा निर्माता तिथला, हॉट चिप बँडचे दोघे तिथलेच, आणि नंतर द एक्सएक्स हा बँडही. एवढ्या जणांच्या घरी आजोबांच्या रेकॉर्डी होत्या काय? वाजवायला खोली मिळायची आणि फारसं कुणी आडवं येत नसे. आपल्याकडे संस्कार म्हटलं की आई-वडील आणि देवघर आठवतं, नगरपालिका कधी आठवत नाही.

दुसरं असं की या सगळ्या कथा मागाहून लिहिलेल्या असतात. माणूस प्रसिद्ध झाला की मुलाखतकार विचारतो, लहानपणी काय ऐकायचात? मग आजोबा सापडतात. ज्यांच्या घरी रेकॉर्डी होत्या आणि जे पुढे विमा कंपनीत लागले, त्यांना कोण विचारतं?

तर्रीबाज_परळ

सदाशिवराव, मी विमा कंपनीतच आहे, आणि रात्री ट्रॅक बनवतो. त्यामुळे मलाच विचारा.

बाबा बेंजो पार्टीत होते. गणपतीत, लग्नाच्या वरातीत, शिमग्याला गावी. घरात ऑक्टापॅडची पेटी, ताशे, वायरींची भेंडोळी. झोपायचं त्यातूनच जागा काढून. गाणी लोखंडी कर्ण्यांतून ऐकली. खाली बास नाहीच, सगळं मधलं आणि वरचं, कानाला बोचणारं.

आता माझे ट्रॅक टेक्नोचे, मिनिटाला १३० ठोक्यांच्या आसपासचे. मराठी शब्द नाही, गणपतीची चाल नाही. पण मिक्स तपासायला दिला की समोरचा दरवेळी एकच सांगतो : तीन हजार हर्ट्झच्या आसपास फार चढलंय, काप. ताशाची काडी बरोबर तिथेच बोलते. कापलं की मला तो ट्रॅक मेलेला वाटतो. शेवटी मी परत चढवतो. युरोपातले लोक ज्याला गोंगाट म्हणतात त्याला माझा कान 'मोकळा आवाज' म्हणतो, हे मी कुठल्या क्लबात शिकलो नाही.

म्हणून कानोसांशी अर्धा सहमत. उरलेल्या अर्ध्याचं असं की ठेका बाबांकडून आलेला नाही. त्यांचा सगळा खेळ मुखडा आला की पब्लिक उसळण्याचा. मिनिटभर नुसता किक ड्रम चालू ठेवायचा धीर मला बाहेर नाचून आला. बाबा अजून विचारतात, "गाणं कधी सुरू होणार?"

रेवा_उकळी

बाबांच्या प्रश्नावरून जेलिन आठवली. अमेरिकेतल्या इंडियानामधल्या गॅरी गावची, पोलाद कारखान्यात काम करून फूटवर्क या वेगवान नाचसंगीताच्या धाटणीचं संगीत करणारी. सुरुवातीला दुसऱ्यांच्या गाण्यांचे तुकडे वापरायची. आईला एक ट्रॅक ऐकवला तर आई म्हणाली की हे छान आहे, पण तुझा स्वतःचा आवाज कसा आहे? त्यानंतर तिने ते उसने तुकडे टाकले आणि सगळं स्वतः घडवायला घेतलं. २०१५ चा 'डार्क एनर्जी' ऐका, श्वास घ्यायला जागा नाही त्यात.

तिथे घराने दिलेली गोष्ट म्हणजे एक अडचणीचा प्रश्न. रेकॉर्डींचा गठ्ठा नाही. इथले बापे रेकॉर्डींच्या गठ्ठ्यालाच संस्कार का समजतात, कोण जाणे.

कानोसा

रेवाताई, बरोबर टोचलंत. जेलिनचा मुद्दा माझ्या बाजूचा धरतो :)

एक राहिलं, 'स्वतंत्र' निर्माता असण्याचं, म्हणजे स्वतःच्याच कंपनीतून अल्बम काढण्याचं. 'मॉर्निंग/इव्हनिंग' हेब्डनने स्वतःच्या 'टेक्स्ट रेकॉर्ड्स'वर काढला. आधीचे बरेच अल्बम डॉमिनो कंपनीकडे होते. तिच्याशी स्ट्रीमिंगच्या पैशावरून वाद कोर्टात गेला. कंपनी १८ टक्क्यांचा दर लावत होती, तो ५० मागत होता. मधेच कंपनीने तीन अल्बम स्ट्रीमिंगवरून काढून टाकले. २०२२ मध्ये तडजोड झाली आणि ५० टक्के मान्य झाले. वीस मिनिटांचा ट्रॅक, त्यात जुनं हिंदी गाणं. असलं काही करताना समोर टेबलापलीकडे कुणी बसलेलं नसेल तरच घर बाहेर येतं, असं मला वाटतं.

हेडफोनवाला

तसं असेल तर हिशोब पुरा करा. त्याच 'टेक्स्ट'वर २०१३ चा 'ब्यूटिफुल रिवाइंड' आहे. तेव्हाही टेबलापलीकडे कुणी नव्हतं. त्यात लताबाई नाहीत. त्यात 'जंगल' नावाचं वेगवान नाचसंगीत आहे, पायरेट (विनापरवाना) रेडिओवर माइकवर ओरडणारे एमसी आहेत, म्हणजे नव्वदीचं लंडन. मोकळं सोडल्यावर आधी त्याची किशोरवयातली गल्ली बाहेर आली. आजोबा दोन वर्षांनी.

कानोसा

आणि तो पायरेट रेडिओ तो कुठे बसून ऐकत होता? घरीच ना?

सदाशिव_नवीपेठ

याला वकिली म्हणतात. घराच्या छपराखाली ऐकलेलं सगळं घरचं, मग शेजाऱ्यांची भांडणंही घराणं.

खारीबिस्कीट

दुसरा चहा. परळकर, तो ट्रॅक टाका इथे. तीन हजार न कापलेला.

तर्रीबाज_परळ

रात्री टाकतो. हेडफोनवाल्यांनी आवाज आधीच कमी करून ठेवावा.