मक्याच्या रिकाम्या कणसाचे पाइप बनवणारी अमेरिकन कंपनी एवढी वर्षे कशी टिकली?

प्रश्न : मकाउत्पादक, कन्नड

नमस्कार. आमच्या तालुक्यात कपाशीच्या जोडीने मका आता घरोघरी आहे. दाणे काढून उरलेल्या कणसांचा ढीग चुलीत जातो, नाही तर बांधावर कुजतो. अमेरिकेतील मिसुरी राज्यात याच रिकाम्या कणसापासून तंबाखू ओढण्याचे पाइप बनवणारी ‘मिसुरी मीरशॉम’ ही कंपनी असून तिचा इतिहास १८६९ पर्यंत मागे जातो, असे वाचनात आले. हा उद्योग कोणी सुरू केला, आतल्या विस्तवाने कणीस जळत कसे नाही आणि इतक्या साध्या वस्तूवर कारखाना आजवर कसा तगला, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

उत्तर : जुनी अवजारे, लातूर

दादा, या उद्योगाचे जनक हेन्री टिबे हे मूळचे हॉलंडचे. सेंट लुई शहराच्या पश्चिमेस सुमारे ८० किलोमीटरवर, मिसुरी नदीच्या काठी वॉशिंग्टन नावाचे छोटे शहर आहे. तेथे ते लाकूड कातण्याचा व्यवसाय करीत. एका शेतकऱ्याने स्वतः कोरलेला कणसाचा पाइप त्यांच्याकडे आणला आणि तसेच काही लेथवर कातून देण्याची गळ घातली, अशी हकीकत सांगितली जाते. टिबे यांनी आणखी काही पाइप करून दुकानात मांडले आणि ते इतके भराभर खपले की बाकीचे सुतारकाम मागे पडले.

माझ्या मते मात्र या धंद्याचा खरा पाया १८७८ मध्ये घातला गेला. दाणे निघाल्यावर कणसाच्या अंगावर खळगे राहतात. टिबे यांनी एका रसायनज्ञ मित्राच्या मदतीने त्यावर प्लास्टरचा लेप देण्याची पद्धत बसवली आणि त्या वर्षी तिचे पेटंट घेतले. लेप वाळल्यावर घासला की खळगे बुजून अंग गुळगुळीत व टणक होते. तुर्कस्तानातील मीरशॉम या पांढऱ्या, हलक्या खनिजाचे महागडे पाइप थंड धुरासाठी नावाजलेले होते. त्यांच्याशी तुलना करून टिबे यांनी आपल्या स्वस्त पाइपला ‘मिसुरी मीरशॉम’ म्हटले. ‘एच. टिबे अँड सन’ या कंपनीने १९०७ मध्ये हेच नाव धारण केले.

आता जळण्याबद्दल. कणसाच्या मधला मऊ गाभा कोरून काढतात आणि भोवतीचे लाकडासारखे कठीण कडे तेवढे ठेवतात. आपल्या चिलमीतल्याप्रमाणेच येथेही तंबाखू ज्वाळेने न पेटता धुमसते. वापर होत जाईल तसा आतून काजळीचा थर धरतो आणि तो भिंतीला आच लागू देत नाही. तरीही हा पाइप ब्रायर या झुडपाच्या टणक लाकडाच्या पाइपइतका टिकत नाही.

उत्तर : बियाणेप्रेमी, परभणी

वरील माहितीत बियाण्याची बाजू राहिली आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. १९२५ च्या सुमारास वॉशिंग्टन ज्या जिल्ह्यात येते त्या एकट्या फ्रँकलिन काउंटीत असे डझनभर कारखाने होते. त्या जुन्यांपैकी आज हाच उरला आहे. नंतरच्या काळात मक्याचे संकरित वाण आले, त्यांत दाण्याचे उत्पन्न वाढवण्यावर भर राहिला आणि आतला दांडा बारीक होत गेला. पाइपला तर जाड, टणक दांडाच लागतो. म्हणून मिसुरी विद्यापीठाच्या मदतीने जाड दांड्याचे खास वाण तयार करण्यात आले आणि त्याची लागवड कंपनी स्वतः करते. शेतातच मळणी करणारे हार्वेस्टर कणीस फोडून टाकते, त्यामुळे अख्खी कणसे तोडणारी जुन्या पद्धतीची यंत्रे वापरावी लागतात. पुढे सुमारे दोन वर्षे ही कणसे वाळत ठेवली जातात, तेव्हा कोठे ती कातण्याजोगी होतात. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन सेनानी जनरल डग्लस मॅकआर्थर यांच्या तोंडातला उंच भांड्याचा प्रसिद्ध पाइपही याच कंपनीचा होता; जाहिरात म्हणून त्याचा उपयोग झाला असेल, पण कारखाना तगला तो शेतातल्या या चिकाटीमुळे, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्नकर्ता : मकाउत्पादक, कन्नड

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आपल्याकडची कणसे अशा कामाला चालतील का?

उत्तर : बियाणेप्रेमी, परभणी

आपल्याकडील प्रचलित संकरित वाणही दाण्यासाठीच निवडलेले असल्याने आशा कमी आहे. हाताने सोललेले एखादे जाड, पूर्ण वाळलेले कणीस करवतीने आडवे कापून पाहावे. मऊ गाभ्याभोवतीचे कठीण कडे पातळ असेल, तर कोरताना ते फुटेल आणि लेप देऊनही आच सोसणार नाही.