क्रोमिसऐवजी ट्रिमा गोबी बघा

६० लिटरच्या रीफ टँकमध्ये (प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत) पाच हिरवे क्रोमिस मासे सोडू का, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत, नका सोडू. दुकानातल्या मोठ्या टाकीत ते एकजुटीने फिरतात, पण लहान जागेत त्यांच्यात चढाओढ सुरू होते. सगळे मिळून दुबळ्याच्या मागे लागतात, तो कोपऱ्यात दडतो, खाणं सोडतो. मग पुढच्याची पाळी. माझ्याकडे पाचांतला एकच उरला होता. तो एकटा फिरताना बघून फार वाईट वाटायचं.

त्याऐवजी ट्रिमा गोबी बघा. जेमतेम ३ सेंटिमीटरचा मासा. बहुतेक गोबी तळाला चिकटून बसतात, पण ट्रिमा तेवेगी ही जात कपारीखाली घोळक्याने तरंगत राहते, डोकं वर, शेपूट खाली. एखादा कण वाहत आला की त्यातला एक झटकन पुढे येतो, तो टिपतो आणि परत आपल्या जागी. किती वेळ गेला ते कळतच नाही!

खाण्याचं मात्र मनावर घ्या. तोंड इवलंसं, त्यामुळे कोपेपॉड (पाण्यातले अगदी सूक्ष्म जीव) किंवा ब्राइन श्रिम्प या कोळंबीसारख्या बारीक जीवाची नुकतीच अंड्यातून निघालेली पिल्लं, दिवसातून दोन-तीनदा, थोडी थोडी. एवढं खाणं पडलं की पाण्यात नायट्रेट (उरलेलं खाणं आणि विष्ठेतून साचणारा घटक) चढतं, म्हणून पाणी बदलण्यात आळस नको. पंप आणि ओव्हरफ्लोच्या (जादा पाणी बाहेर जाण्याच्या वाटेच्या) तोंडाला बारीक जाळी हवीच, नाहीतर हे सहज ओढले जातात. वर झाकणही ठेवा. आणि सोबत हॉकफिश किंवा डॉटीबॅक असे शिकारी मासे अजिबात नकोत, त्यांच्यासाठी हा घासच आहे.