असिस्टला किंमत हवी की नको? फुटबॉल गेममधली सोपी कंट्रोल्स आणि घटत चाललेला फरक

शहापूर_मॅन्युअल
गणपतीत मंडपाशेजारी फुटबॉल गेमची स्पर्धा ठेवायची म्हटली की फी, ड्रॉ, बक्षीस यावर लगेच एकमत होतं. कंट्रोल सेटिंगचा विषय कुणी काढत नाही, आणि निम्मा निकाल तिथंच लागलेला असतो. माझं मत स्पष्ट आहे. ग्राउंड पास, थ्रू (पुढच्या मोकळ्या जागेत टाकलेला पास), क्रॉस, शॉट सगळं 'असिस्टेड', म्हणजे गेमच्या मदतीवर ठेवणारा आणि सगळं 'मॅन्युअल', म्हणजे स्वतःच्या हातात ठेवणारा एकाच ड्रॉमध्ये नसावेत.

असिस्टेड पासमध्ये कंट्रोलरची स्टिक साधारण त्या बाजूला असली की पुरे. चेंडू कुणाला द्यायचा ते गेमच निवडतो, दिशा दुरुस्त करतो, जोरही बराचसा स्वतःच ठरवतो. 'सेमी'मध्ये दिशेला थोडा हातभार मिळतो, जोर आपला. 'मॅन्युअल'मध्ये अंगठा जिथं वळला तिथं चेंडू. बटण जरा जास्त वेळ दाबलं की थेट टचलाइनच्या बाहेर. शॉटमध्येही तसंच. पोस्टच्या बाहेर रोखलेली स्टिक असिस्टेड शॉट आत ओढून घेतो. कंट्रोल्स अशी सोपीच होत गेली, त्यामुळे सहा महिने सराव केलेल्याचा आणि काल कंट्रोलर हातात धरलेल्याचा फरक एका गोलावर आलाय.

स्ट्रीट फायटर ६ या मारामारीच्या गेममध्ये (२०२३) यावर उत्तर काढलंय. तिथं 'मॉडर्न' कंट्रोल घेतलं की एका बटणावर स्पेशल मूव्ह निघते, पण तशी काढलेली मूव्ह २० टक्के कमी नुकसान करते. सोय घेतली की तिची किंमत मोजायची. आपल्या गेममध्ये असिस्टची किंमत काहीच नाही, म्हणून मॅन्युअल शिकायच्या भानगडीत कुणी पडत नाही.

खानापूर_सहा_नंबर
किंमत काहीच नाही हे मला पटत नाही गा. एकाच रेषेत दोन खेळाडू आहेत, जवळ मिडफिल्डर आणि त्याच्या मागं स्ट्रायकर. असिस्टेडवर बटण नुसतं टिचकीसारखं दाबलं तर चेंडू जवळच्याला जातो. स्ट्रायकरला हवा असेल तर पॉवर बार अर्ध्याच्या पुढं न्यावा लागतो, नाहीतर आर१ (कंट्रोलरच्या वरच्या कडेचं उजवं बटण, डावं ते एल१) धरून ड्रिव्हन, म्हणजे जोरदार सरपटी पास मारावा लागतो. तरीही गेम कधी चुकीचाच माणूस निवडतो आणि तिथून प्रतिहल्ला बसतो. विंगवरून आतल्या मोकळ्या जागेत, जिथं अजून कुणी पोचलेलंच नाही, तिथं चेंडू टाकायचा तर असिस्टेड हमखास मान टाकतो. त्याला माणूस दिसतो, जागा दिसत नाही. ही किंमतच आहे की.

दुसरं, कंट्रोल्स सोपीच होत गेली हा इतिहासही अर्धा आहे. फिफा या गेममालिकेत फिफा १२ च्या आधी बचाव करताना एक बटण धरून ठेवलं की डिफेंडर आपोआप चेंडूवर जाऊन पडायचा. २०११ मध्ये टॅक्टिकल डिफेंडिंग आलं. अंतर राखा, वाट बघा, टॅकलची वेळ साधा. फिफा १९ मध्ये टाइम्ड फिनिशिंग आलं. शॉटचं बटण एकदा दाबायचं आणि पाय चेंडूला लागायच्या ऐन आधी दुसऱ्यांदा. खूण हिरवी झाली तर चेंडू कोपऱ्यात, लाल झाली तर प्रेक्षकांत. फिफा २३ चा पॉवर शॉट घ्या, एल१, आर१ आणि शॉट एकत्र. पाय मागं न्यायलाच वेळ लागतो आणि निशाणा बराचसा आपल्यालाच साधावा लागतो. एवढं सगळं वाढल्यावर फरक घटला कसा म्हणता?

शहापूर_मॅन्युअल
२०११ चा मुद्दा मान्य. पण टाइम्ड फिनिशिंग सेटिंगमधून बंद करता येतं आणि बंद ठेवूनही गोल होतातच, मग ते शिकायची सक्ती कुठं राहिली? बचावाचं म्हणाल तर आज किती जण स्वतः डिफेंडर हलवतात? आर१ धरून ठेवायचा, दुसरा डिफेंडर गेमच पाठवतो, आपण मागं उभं राहून पासची वाट अडवायची. ईफुटबॉल या दुसऱ्या गेममध्ये तर स्मार्ट असिस्ट चालू केलं की ड्रिबल, पास, शॉट सगळ्यात परिस्थिती बघून गेमच मदत करतो. मग समोरचा नेमका कुणाला हरवतो, मला की गेमला?

खानापूर_सहा_नंबर
आर१ वाल्याला शिक्षा देणं तर सोपं आहे. दुसरा माणूस धावत आला म्हणजे त्याची जागा सोडून आला. एल१ धरून पास द्या, पास देणारा लगेच पुढं पळतो, आणि पहिल्याच स्पर्शात चेंडू त्याच्या पुढ्यात परत टाका. ज्या जागेतून डिफेंडर निघाला तीच मोकळी सापडते. शिवाय हाफभर आर१ धरला की ७० व्या मिनिटाला त्याचे खेळाडू दमलेले असतात. हे ओळखून खेळणं हेच या गेममधलं कौशल्य. अकरापैकी दहा जण कायमच गेमच्या ताब्यात असतात, मॅन्युअलवाल्याचेसुद्धा.

कॅम्प_कीपर
दोघंही हार्डवेअर विसरताय. गेमिंग पार्लरमधल्या कंट्रोलरच्या स्टिकखाली पोटेन्शिओमीटर असतो, स्टिक किती वाकली ते मोजणारा भाग. आतली कार्बनची पट्टी झिजली की स्टिक मोकळी सोडली तरी गेमला ती किंचित डावीकडं वाकलेली दिसते. असिस्टेडमध्ये हे झाकलं जातं, मॅन्युअलमध्ये प्रत्येक पास बोटभर बाहेर. त्यामुळे मॅन्युअलची सक्ती केली तर ज्याच्याकडं स्वतःचा चांगला कंट्रोलर आहे तोच जिंकणार. तपासायचं कसं? किकऑफनंतर स्टिकला हात न लावता बघत बसा. खेळाडू आपोआप सरकू लागला तर तो कंट्रोलर बाजूला ठेवा. हॉल इफेक्टवाली स्टिक असेल तर तिथं चुंबक असतं, घासणारी पट्टीच नसते, म्हणून ही झीज होत नाही.

आणि टीव्हीचा गेम मोड चालू करा हो, कळकळीची विनंती! तो बंद असला की टीव्ही चित्र सुधारण्यात वेळ घालवतो. ६० फ्रेममध्ये एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, अशा चार-पाच फ्रेम उशीर झाला की टाइम्ड फिनिशिंगची हिरवी खूण मिळणं नशिबावर.

निपाणी_मोबाइल
इथं सगळे कन्सोलवालेच बोलताहेत. आमच्याकडची बरीच पोरं फोनवर खेळतात. काचेवर स्टिक नसते, कडा नसते, अंगठा कुठवर गेला ते बोटाला कळत नाही. घाम आला की अंगठा घसरतो आणि खेळाडू सरळ पळायचा सोडून तिरका जातो. ईफुटबॉलच्या फोनवरच्या 'क्लासिक' कंट्रोलमध्ये निदान पडद्यावर बटणं तरी आहेत, 'टच अँड फ्लिक'मध्ये तर बोट ओढूनच सगळं करायचं. तिथं असिस्ट काढून घेतला तर खेळच उरत नाही. ज्याच्या एका हाताला त्रास आहे त्याचाही विचार करा. कमी बटणांचं सेटिंग त्याच्यासाठी खेळात यायची वाट आहे. त्याला ड्रॉबाहेर ठेवणार का?

शहापूर_मॅन्युअल
त्याला बाहेर ठेवा असं मी कधीच म्हणणार नाही. त्याला हवं ते सेटिंग मिळालंच पाहिजे, हे नियमात लिहूनच टाकू. फोनची स्पर्धाही वेगळी घ्या. माझा आक्षेप दोन्ही हात धडधाकट असून सगळं गेमवर सोडणाऱ्याबद्दल आहे.

टिळकवाडी_पंच
मग कन्सोलसाठी असं करू. ग्राउंड पास सेमी, थ्रू सेमी, शॉट सेमी. क्रॉस ज्याला जसा हवा तसा, कारण हवेतल्या चेंडूवर शेवटी हेडरची वेळच निर्णायक ठरते. टाइम्ड फिनिशिंग ऐच्छिक. दोघांनाही एकच क्लब, म्हणजे रेटिंगचा वाद मिटला. हाफ सहा मिनिटांचे. १६ जणांचा नॉकआउट म्हणजे १५ मॅच. पॉज, बदली धरून एक मॅच १५ मिनिटांची, म्हणजे एका टीव्हीवर पावणेचार तास. प्रत्येक मॅचआधी सेटिंग तपासायला दोन मिनिटं धरली तर आणखी अर्धा तास. संध्याकाळी पाचला सुरू केलं तर सव्वानऊला फायनल संपते आणि दहाच्या आत स्पीकर बंद.

खानापूर_सहा_नंबर
सेमी मला चालेल, शॉटसुद्धा. पण तपासणी मॅचआधी करून उपयोग काय? पॉज मेनूतून सेटिंग कधीही बदलता येतं.

टिळकवाडी_पंच
पॉज फक्त चेंडू बाहेर गेल्यावर, आणि मेनू उघडा असताना दोघांच्याही नजरा टीव्हीवर. कंट्रोलर सेटिंगचं पान पंचाला न विचारता उघडलं तर समोरच्याला एक गोल.

शहापूर_मॅन्युअल
एक गोल कमी आहे. फायनलमध्ये ८५ व्या मिनिटाला शॉट असिस्टेड करून कुणी बरोबरी साधली तर? मॅचच द्या समोरच्याला.

कॅम्प_कीपर
मॅच द्यायची तर आधी एक ठरवा. पान चुकून उघडलं, काही बदललं नाही, त्यालाही तीच शिक्षा का? मी म्हणतो, सेटिंग बदललेलं दिसलं तरच मॅच जावी, नुसतं पान उघडलं तर एक गोल.